टायटॅनियमचा पार्ट कुठे बसणार आहे, ते आधी सांगा

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) आमची मटेरियल टेस्टिंगची लहानशी लॅब आहे. येणारे नमुने बहुतेक पोलादाचेच असतात: फ्लँज, शाफ्ट, पाइपांचे तुकडे. पण अलीकडे टायटॅनियम वाढलंय, आणि त्याच्यासोबत एक वाक्य हमखास येतं, "ताई, आपल्याला सगळ्यात मजबूत ग्रेड पाहिजे." त्यावर मी आधी विचारते, पार्ट बसणार कुठे? भार किती, तापमान किती, आजूबाजूला काय वाहणार, वेल्डिंग करणार का? बऱ्याच जणांना हे प्रश्न म्हणजे उगाच वेळकाढूपणा वाटतो. म्हणून एकदा सविस्तरच लिहिते.

आधी "स्टीलपेक्षा मजबूत" या समजुतीचं बघू. आपल्या वर्कशॉपांमधला रोजच्या ओळखीचा पोलादाचा प्रकार, ईएन २४ घ्या. 'टी' कंडिशनमध्ये, म्हणजे हीट ट्रीटमेंट केल्यावर, त्याचं टेन्साइल (ओढून तुटेपर्यंत सोसलेला ताण) ८५० ते १००० एमपीए, म्हणजे मेगापास्कल. टायटॅनियमचा सर्वांत जास्त खपणारा मिश्रधातू म्हणजे ग्रेड ५, त्यात साधारण सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम. अनील केलेल्या, म्हणजे तापवून सावकाश थंड केलेल्या अवस्थेत त्याची किमान हमी ८९५ एमपीए. म्हणजे दोघे बरोबरीचे. फरक आहे तो वजनात. पोलादाची घनता ७.८५, ग्रेड ५ ची ४.४३. तेवढाच भार घेणारा तुकडा निम्म्याहून थोड्या जास्त वजनात होतो, शिवाय गंजत नाही आणि तीन-साडेतीनशे अंश सेल्सिअसपर्यंत टिकून राहतो. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू त्याच्या कितीतरी आधीच नरम पडलेले असतात. विमानवाल्यांना टायटॅनियम का लागतं, ते एवढ्यावरूनच कळतं.

मात्र वजनाबरोबर ताठपणाही उतरतो. पोलादाचा इलॅस्टिक मॉड्युलस २०५ गिगापास्कलच्या आसपास, ग्रेड ५ चा ११४. स्टीलच्या पार्टचं ड्रॉइंग तसंच ठेवून मटेरियलच्या रकान्यात फक्त 'टायटॅनियम' लिहिलं, तर पार्ट तुटणार नाही, पण त्याच भाराखाली जवळपास दुप्पट वाकेल. हे मी इतक्या वेळा सांगते की आमच्या लॅबमधल्या मुलांना ते पाठ झालंय.

मला विचाराल तर ग्रेड ५ ची खरी ओळख सूक्ष्मदर्शकाखाली पटते. शुद्ध टायटॅनियम ८८२ अंशांवर आपली स्फटिकरचना बदलतं. त्याखाली अल्फा, त्यावर बीटा. ॲल्युमिनियम अल्फाच्या बाजूने उभं राहतं आणि त्याला बळ देतं. व्हॅनेडियम बीटाला धरून ठेवतं, त्यामुळे थंड झाल्यावरही थोडा बीटा शिल्लक उरतो. ग्रेड ५ मध्ये ९९५ अंशांच्या सुमारास सगळाच अल्फा विरघळून बीटा होतो. भट्टी या रेषेच्या खाली राहिली की वर गेली, ते लपत नाही.

ते बघायला नमुना पॉलिश करावा लागतो, आणि हे सबुरीचं काम आहे. टायटॅनियम चिवट. घाई केली की धातू पृष्ठभागावर सारवला जातो, ओरखडे त्याखाली दडतात आणि आरशासारखा दिसणारा नमुना एचिंग केल्यावर, म्हणजे आम्लाने हलकेच कोरल्यावर, ओरखड्यांनी भरलेला निघतो. म्हणून शेवटचा हात कोलॉइडल सिलिकाचा, हलक्या दाबाने, बराच वेळ. मग हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिक आम्ल पाण्यात अगदी थोडं मिसळून केलेलं क्रॉलचं द्रावण, काही सेकंद. हायड्रोफ्लोरिक हाडापर्यंत जातं, त्यामुळे हे काम मी नवख्या मुलांना देत नाही. धुऊन, वाळवून नमुना भिंगाखाली ठेवला की चित्र उघडतं. अल्फाचे उजळ, गोलसर कण आणि त्यांच्या कडांनी बीटाची काळपट रेघ. ही नीट घडवलेली सळई. पण फोर्जिंगवाल्याने भट्टी ९९५ च्या वर नेली असेल तर जुन्या बीटाचे मोठाले कण दिसतात आणि त्यांच्या पोटात टोपलीच्या विणीसारख्या आडव्या-उभ्या पट्ट्या. ही वीण वाईटच असते असं मात्र कुणी समजू नये. तिच्यात आधीच असलेली भेग हळू सरकते. गोलसर कणांत भेग सुरू व्हायलाच वेळ लागतो. कंप सोसणाऱ्या पात्याला एक हवं, जाड तुकड्याला कदाचित दुसरं. टेन्साइलचा आकडा दोन्हींचा जवळपास सारखाच येऊ शकतो.

आता ऑक्सिजनकडे येते. टायटॅनियम घेताना सगळ्यात कमी विचारली जाणारी आणि सगळ्यात जास्त विचारायला हवी अशी गोष्ट हीच. माल आला की लोक पीएमआय गन, म्हणजे मिश्रधातू ओळखणारं हातातलं यंत्र, लावतात. दोन सेकंदांत व्हॅनेडियम चार टक्के दिसतं, गन चांगली असेल तर ॲल्युमिनियमही, आणि सगळे खूश होतात. पण त्या गनला ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन दिसत नाहीत. टायटॅनियमची ताकद तर मोठ्या प्रमाणात ऑक्सिजनच ठरवतो. ग्रेड १ ते ४ ही सगळी व्यापारी शुद्ध टायटॅनियमं; त्यांत ऑक्सिजनची मर्यादा ०.१८ पासून ०.४० टक्क्यांपर्यंत चढते, आणि किमान टेन्साइल २४० पासून ५५० एमपीएपर्यंत. एक टक्क्याचा चौथा हिस्साही नाही, आणि ताकद दुपटीच्या वर! ऑक्सिजनचे अणू स्फटिकाच्या फटींत अडकून बसतात, थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. ताकद वाढते आणि त्याच कारणाने लवचीकपणा जातो.

ग्रेड ५ मध्ये ऑक्सिजन ०.२० टक्क्यांपर्यंत चालतो. त्याचाच भाऊ ग्रेड २३, म्हणजे ईएलआय, त्यात ०.१३ पर्यंतच. गनसमोर दोघे एकच. ग्रेड २३ ची ताकद थोडी कमी, पण भेग पडली तरी ती सहज पळत नाही. शस्त्रक्रियेत हाडांत बसवायचे भाग म्हणून त्याचे करतात. आणि खोल समुद्रात माणसं नेण्याच्या आपल्या 'समुद्रयान' मोहिमेतल्या 'मत्स्य ६०००' या पाणबुडीचा माणसं बसण्याचा गोळाही याच ईएलआयचा. आतला व्यास २.१ मीटर, भिंत ८० मिलिमीटर जाड, आणि जायचंय ६००० मीटर खोल, जिथे पाण्याचा दाब हवेच्या सुमारे ६०० पट. इतक्या जीवघेण्या जागी थोडा कमी ताकदीचा ग्रेड निवडला गेला, कारण तिथे भेगेला दाद न देणं जास्त मोलाचं. "सगळ्यात मजबूत" मागणाऱ्या प्रत्येकाला मी हा गोळा दाखवते.

ऑक्सिजन मोजायचा तर लहानसा तुकडा ग्राफाइटच्या मुशीत, निष्क्रिय वायूच्या प्रवाहात वितळवावा लागतो. ऑक्सिजन कार्बनशी जोडून बाहेर पडतो आणि तो वायू मोजला जातो. खर्चाचं काम आहे, पण वैद्यकीय किंवा विमानाच्या मालाला दुसरा इलाज नाही.

बरं, ऑक्सिजन फक्त वितळवतानाच शिरतो असंही नाही. हवेत साधारण ६०० अंशांच्या पुढे तापवलं की तो पृष्ठभागातून आत मुरतो आणि वर एक कडक, ठिसूळ साल तयार होते. तिला अल्फा केस म्हणतात. एका कारखान्यातून फोर्जिंगचा तुकडा आला होता, बेंड टेस्टला वाकवताच बाहेरच्या बाजूला बारीक चिरा. टेन्साइल उत्तम, रसायन उत्तम. कापून कडेपासून आत मायक्रोहार्डनेस घेतला. आत साडेतीनशेच्या आसपास, आणि अगदी कडेला त्याच्या दुपटीजवळ. भिंगाखाली कडेने पांढरी पट्टी. तुकडा उघड्या भट्टीत तापवून तसाच पाठवला होता. साल ना मशीनिंगने काढली, ना आम्लात पिकलिंग करून.

वेल्डिंगचंही हेच. वितळलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोन्ही पितं, त्यामुळे टिग वेल्डिंगच्या टॉर्चमागे आर्गन वायूची शेपटी लागते, पाइपच्या आतून पर्जिंग, म्हणजे आर्गनने हवा हाकलणं, लागतं, आणि जोड थंड होईपर्यंत वायू चालू ठेवावा लागतो. निकाल रंगच सांगतो. चकचकीत चांदीसारखा असेल तर पास. फिकट गवती रंगही बहुधा चालतो. निळा दिसला की शंका, राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली की जोड कापून काढायचा. काही जण ब्रश मारून निळा रंग घालवतात आणि मग तपासणीला बोलावतात. त्याने रंग जातो, आत गेलेला ऑक्सिजन तिथेच राहतो.

आमच्या गल्लीत दोन शेड सोडून एक मराठी मुलगा सीएनसी टर्निंगचं काम करतो, शहरातल्या वाडी भागात राहतो. ग्रेड ५ चा पहिला जॉब आला तेव्हा इन्सर्ट (टूलचा कापणारा तुकडा) घेऊन माझ्याकडे आला. टोक जळून गोल झालेलं.

"ताई, मटेरियल हार्ड आलंय का बघा ना. ३६ एचआरसी म्हणतायत."

"छत्तीस तर ईएन २४ पण असतं. ते तू रोजच कापतोस की. स्पीड काय ठेवलास?"

"स्टीलचाच. मिनिटाला दीडशे मीटर."

"पन्नासवर आण. आणि फीड मध्ये थांबवू नकोस. टूल जॉबवर नुसतं घासत राहिलं की संपलं."

यात कडकपणाचा दोष फारसा नाही, उष्णतेचा आहे. पोलाद कापताना निघणारी उष्णता बरीचशी चिपमधून आणि जॉबमधून निघून जाते. ग्रेड ५ ची उष्णतावाहकता ६.७ वॅट प्रति मीटर-केल्विन, ईएन २४ ची चाळीसच्या वर. उष्णतेला वाट नाही, म्हणून ती टूलच्या टोकावर साचते. त्यातून गरम टायटॅनियम टूलला चिकटतं आणि निघताना कार्बाइडचा कण घेऊन जातं. मॉड्युलस कमी असल्याने बारीक जॉब टूलपासून मागे हटतो आणि मग परत येतो. टॅपिंग करताना धागा टॅपलाच आवळतो. धार तीक्ष्ण ठेवायची, स्पीड कमी, फीड ठाम, कूलंट भरपूर आणि नेमका टोकावर. एवढं पाळलं की काम होतं. त्याचंही झालं.

पण त्या शेडमध्ये मला जास्त काळजी वाटली ती मशीनखालच्या ट्रेची. बारीक चिप्स आणि ग्राइंडिंगचा भुगा तसाच पडून होता. टायटॅनियमचा भुगा पेटतो, पांढराशुभ्र जळतो, आणि पाणी टाकलं तर आणखी भडकतो. नायट्रोजनमध्येसुद्धा तो जळत राहतो. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडर, हेच उपाय. त्याच दिवशी वाळूच्या बादल्या आणवल्या, आणि चिप्स रोज झाकणाच्या लोखंडी डब्यात, इतर भंगारापासून वेगळ्या.

बडोद्याचं स्वतःचं टायटॅनियम मात्र ग्रेड ५ नव्हे. आपल्याकडे नंदेसरी, रनोलीच्या पट्ट्यात रसायनांचे कारखाने, आणि तिथे चालतं ते ग्रेड २, किमान ३४५ एमपीए टेन्साइलचं, मऊ, वाकणारं, सहज वेल्ड होणारं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा आणि क्लोरीन बनवतात, त्या सेलचे ॲनोड टायटॅनियमचेच, वर रुथेनियम ऑक्साइडचा लेप. ओला, गरम क्लोरीन भल्याभल्या धातूंना खातो. टायटॅनियमवरचा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा त्याला दाद देत नाही. ओरखडा पडला तरी पाण्याच्या संपर्कात तो क्षणात पुन्हा धरतो. म्हणून ओल्या क्लोरीनचे कूलर टायटॅनियमचे.

पुढे तोच क्लोरीन गंधकाम्लाच्या मनोऱ्यातून जाऊन कोरडा होतो. तिथून पुढची पाइपलाइन साध्या कार्बन स्टीलची असते, आणि ती तशीच असावी लागते. कोरड्या क्लोरीनमध्ये टायटॅनियम चक्क पेट घेतं. पापुद्रा टिकायला पाण्याचा अंश लागतो. तो साधारण एक टक्क्याखाली गेला की संरक्षण संपलं. मनोऱ्याच्या अलीकडे पोलाद गळून जाईल, पलीकडे टायटॅनियम जळेल. "महाग आहे ते लावा, सगळीकडे चालेल" असं खरेदी विभागातून कुणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

क्लोरीनचीच आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या एसआर-७१ या टेहळणी विमानाचं जवळजवळ सगळं अंग टायटॅनियमचं, आणि त्यात मोठा वाटा व्हॅनेडियम-क्रोमियमवाल्या उच्च ताकदीच्या बीटा मिश्रधातूचा. तिथे लक्षात आलं की उन्हाळ्यात स्पॉट वेल्ड केलेले पॅनल लवकर निकामी होतात, हिवाळ्यात केलेले टिकतात. कारण निघालं धुण्याच्या पाण्यात. शेवाळ होऊ नये म्हणून उन्हाळ्यात शहराच्या पाण्यात क्लोरीन जास्त घालत. कॅडमियमचा मुलामा असलेले पाने (स्पॅनर) वापरल्यामुळे बोल्टही ढिले पडून तुटत होते. ते पाने हुडकून हुडकून बाद केले. आपल्याकडचं मऊ ग्रेड २ क्लोरीनमध्ये वर्षानुवर्षं काढतं, आणि तिथे ताकदवान भावंडाला त्याचा एवढासा अंश सोसला नाही, कारण तिथे ताण होता, उष्णता होती.

तरीही ताकद लागते तिथे लागतेच. बोइंग ७७७ च्या मुख्य लँडिंग गिअरमध्ये दहा टक्के व्हॅनेडियमवाला बीटा मिश्रधातू पोलादाच्या जागी आला. १२०० एमपीएच्या घरातला, वजन वाचवणारा आणि पोलादासारखा न गंजणारा. ७८७ ला त्याच्याही पुढचा, पाच-पाच-पाच-तीन या आकड्यांनी ओळखला जाणारा. या मिश्रधातूंचा मोठा गुण म्हणजे जाड तुकड्यातही हीट ट्रीटमेंट आतपर्यंत पोचते. आपल्याकडे हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू प्रयोगशाळेने २००० टनी प्रेसवर जेट इंजिनच्या कॉम्प्रेसरच्या डिस्क टायटॅनियमच्या मिश्रधातूतून घडवण्याचं तंत्र २०२१ मध्ये उभं केलं. डिस्क आणि साचा दोन्ही जवळपास एकाच तापमानाला ठेवून हळूहळू दाबायचं. ऐकायला सोपं, करायला अतिशय अवघड.

आणि डिस्कमध्ये सूक्ष्म दोष राहिला तर काय होतं, ते १९ जुलै १९८९ ला दिसलं. अमेरिकेत सू सिटीला कोसळलेल्या डीसी-१० विमानाच्या इंजिनातली पंख्याची डिस्क ग्रेड ५ चीच होती. वितळवताना नायट्रोजनने कडक झालेला एक बारीक कण तिच्यात राहून गेला होता. तिथून भेग सुरू झाली, वर्षानुवर्षं वाढली, तपासणीतून सुटली. शंभराहून जास्त माणसं गेली. त्यानंतर अशा डिस्कच्या मालासाठी वितळवण्याच्या आणि तपासणीच्या पद्धती कडक झाल्या. त्या डिस्कचं टेन्साइल कुणी घेतलं असतं तर पास झालं असतं. रिपोर्टवर सही करताना मला ही डिस्क आठवते.

किमतीबद्दलही विचारणा होते, म्हणून थोडक्यात. खनिजाची कमतरता नाही. केरळच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची काळी वाळू आहे, आपल्या रत्नागिरीकडेही आहे. महाग आहे ते त्यातून धातू काढणं. आधी क्लोरीनशी जोडून टेट्राक्लोराइड, मग बंद भांड्यात मॅग्नेशियमने तो क्लोरीन काढून घ्यायचा. निघतो तो स्पंज. एकेक घाणा निघायला दिवसच्या दिवस जातात. मग तो निर्वातात दोनदा-तीनदा वितळवायचा. केरळात चवऱ्याला वर्षाला ५०० टन क्षमतेचा स्पंजचा कारखाना आहे, आणि मिश्रधातू हैदराबादला मिधानी ही सरकारी कंपनी बनवते.

२८ ऑक्टोबर २०२४ ला इथे बडोद्यात सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या जुळणीचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून मकरपुऱ्यात, वाघोडियात लहान लहान शेडवाल्यांच्या तोंडी विमानाचे पार्ट आहेत. मला याचा मनापासून आनंद होतो. मी कलाभवनात, म्हणजे इथल्या विद्यापीठाच्या इंजिनीअरिंग कॉलेजात, मेटलर्जी शिकले तेव्हा टायटॅनियम पुस्तकातल्या एका प्रकरणापुरतं होतं. आता ते माझ्या टेबलावर असतं. पण या कामात कागद धातूइतकाच महत्त्वाचा. ऑर्डरवर नुसतं 'ग्रेड ५' लिहू नका. सळई की फोर्जिंग, अनील्ड की सोल्यूशन ट्रीट करून एज केलेलं (तापवून झटकन थंड करून, पुन्हा बेताने तापवलेलं), ऑक्सिजन आणि हायड्रोजनची मर्यादा किती, अल्फा केस काढल्याचा पुरावा, आणि टेस्ट सर्टिफिकेटवरचा (टीसी) हीट नंबर, म्हणजे कुठल्या वितळणीतला माल ते सांगणारा नंबर, सळईवर ठोकलेल्या नंबराशी जुळला पाहिजे. सळई कापायच्या आधी नंबर उरलेल्या तुकड्यावर उतरवा.

त्या वाडीच्या मुलाकडे सध्या एका ब्रॅकेटची चौकशी आली आहे. ग्रेड ५, सोल्यूशन ट्रीट आणि एज, टेन्साइल ११०० च्या वर, आणि जाडी ६० मिलिमीटर. ग्रेड ५ ला ही ट्रीटमेंट साधारण २५ मिलिमीटरपर्यंतच नीट लागते. त्यापुढे पाण्यात बुडवलं तरी गाभा लवकर थंड होत नाही आणि आकडा आतून उतरत जातो. ड्रॉइंग सरळ सरळ जुन्या स्टीलच्या पार्टवरून उतरवलेलं दिसतंय. मी त्याला दोन प्रश्न लिहून दिले: भार खरंच एवढा आहे का, आणि नसेल तर अनील्ड चालेल का, असेल तर जाडी कमी करून रफ मशीनिंगनंतर ट्रीटमेंट करू की बीटा मिश्रधातू घेऊ? वाकण्याची मर्यादाही विचारायला सांगितली आहे. ड्रॉइंग डिझायनरकडे परत गेलंय, उत्तर यायचं आहे. तोपर्यंत सळईची ऑर्डर थांबवली आहे.